घाड्याच्या घराचं गाऱ्हाणं

आमच्या बिल्डिंगमध्ये कोणाला देवाकडे काही मागायचं असलं तर तो थेट जात नाही, चंद्रप्रकाश घाडींमार्फत जातो. हसू नका. तुमच्याकडे कोर्टात वकील असतो ना, तसा आमच्याकडे घाडी. कोकणात आमच्या गावी देवाला गाऱ्हाणं घालायचा मान घाड्यांच्या घराचा. गाऱ्हाणं म्हणजे मंत्र नाही की पोथी नाही. समोर नारळ ठेवायचा, हात जोडायचे आणि शेजारच्याशी बोलावं तसं मोठ्याने देवाशी बोलायचं, की बाबा रे, ह्याच्या पोराला नोकरी नाही, हिचा गुडघा धरलाय, तिकडे जरा बघ. आणि प्रत्येक मागण्याला मागे उभ्या असलेल्या सगळ्यांनी साथ द्यायची, "व्हय म्हाराजा."

मी त्यांना भावजी म्हणते. आमच्या ह्यांचे जुने दोस्त, आणि आमच्या समोरच्या दाराचे शेजारी. त्यांचे वडील गिरणीत नोकरीला आले, भांडुपला टेकडीच्या पायथ्याशी चाळीत खोली घेतली आणि येताना गावचा मानही बरोबर घेऊन आले. पुढे चाळ पडून टॉवर झाला. बिल्डरने पिंपळ कापला, विहीर बुजवली, पण पिंपळाखालचा राखणदाराचा दगड हलवायची काही त्याची छाती झाली नाही. राखणदार म्हणजे जागेची राखण करणारा देव. तो आता पार्किंगमध्ये पंपरूमला लागून टाइल्सच्या चौथऱ्यावर बसलाय, एका बाजूला स्कूटर, दुसऱ्या बाजूला पाण्याचे पाइप. देवदिवाळीनंतरच्या रविवारी त्याला राखण देतात. पूर्वी कोंबडा कापायचे. आता कमिटी म्हणते कॅमेरे आहेत, शाकाहारी लोक राहायला आलेत, म्हणून खाली नुसता नारळ आणि वर घराघरात कोंबडी-वडे. चालायचंच.

माणूस म्हणाल तर एकदम साधा. स्टेशनकडे उतरणाऱ्या रस्त्यावर मोटर रिवाइंडिंगचं दुकान. दुकान म्हणजे एक शटर, एक स्टूल आणि जळलेले पंखे, मिक्सर, पाण्याच्या मोटारी. आतली जळकी तार सोलून काढायची आणि नवी तांब्याची तार गुंडाळायची. बोलणं कमी. त्यांची बायको वनमालावैनी तर त्यांच्याहून कमी बोलते. दोघं जेवायला बसली की फक्त भांड्यांचा आवाज. पण राखणीच्या दिवशी त्या माणसाच्या गळ्यातून काय आवाज निघायचा! वरच्या मजल्यांवरची माणसं गॅलरीत येऊन उभी राहायची. कोणाचं काय अडलंय ते सगळं त्यांच्या ध्यानात असायचं. माझा निहार बाइकवर पार्सलं पोचवतो, तर त्याचं नाव घेऊन म्हणायचे, "तावड्यांचो निहार दिवसभर गाडयेवर असता, म्हाराजा, तेका सांभाळ." मी सगळ्यांत मोठ्याने ओरडायची, "व्हय म्हाराजा." आईचा जीव, काय करणार?

आता ह्यात एक रीत आहे, ती नीट ऐका, कारण सगळी वाट तिथेच लागली. गाऱ्हाणं घालणारा स्वतःच्या घरासाठी मागत नाही. ते वाईट दिसतं. वाढप्याने पहिलं स्वतःच्या ताटात वाढून घेतल्यासारखं. त्याच्यासाठी शेवटी दुसरा कोणीतरी जाणता माणूस बोलतो. आमच्याकडे ते काम खंडूमामांचं. खंडूमामा म्हणजे तळमजल्यावरचा एकटा म्हातारा, लग्न न केलेला, सगळ्यांचा मामा. भावजींचं गाऱ्हाणं संपत आलं की मामा काठी आपटून म्हणायचे, "घाड्याच्या घराकडे पण बघ म्हाराजा. तो सगळ्यांसाठी मागता, स्वतासाठी मागणा नाय." आम्ही म्हणायचो, व्हय म्हाराजा. मग नारळ फुटायचा.

मामा एका उन्हाळ्यात गेले. त्यांचे दिवस केले, खोलीला कुलूप लागलं, आणि मागल्या राखणीला आम्ही सगळे नेहमीसारखे पार्किंगमध्ये जमलो. सगळ्यांची मागणी मागून झाली. शेवटी भावजी जरा थांबले. मला आठवतंय ते थांबणं. मला वाटलं दम लागला असेल. सेक्रेटरी हर्षद मागून म्हणाला, "काका, फोडा ना, वडे गार होतायत." लोक हसले. भावजीही हसले, आणि नारळ फोडला.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत सुयोग गेला.

सुयोग त्यांचा एकुलता एक. एसी दुरुस्त करायचा. उंच उंच टॉवरमध्ये खिडकीबाहेरच्या जाळीवर उभं राहून बाहेरची पेटी उघडायची, ती कामं. मुलुंडला एका टॉवरमध्ये जाळीच गंजलेली होती, ती तुटली. कमरेला पट्टा नव्हता. ठेकेदार म्हणाला दिला होता, बरोबरचा मुलगा म्हणाला नव्हता दिला, पोलीस म्हणाले बघू. कोणी काही बघितलं नाही. लग्न ठरत आलेलं होतं. मुलगी कांजूरची, अक्षता नाव. ती आली, वैनीच्या पायाशी बसली, आणि तिची आई तिला घेऊन गेली. त्या पोरीचा चेहरा आठवला की मला अजून जेवण जात नाही.

मयताच्या दिवशी भावजी रडले नाहीत. सगळं उभं राहून केलं. लोक म्हणाले, काय धीराचा माणूस! लोकांना धीर फार आवडतो, दुसऱ्याचा. आणि मग महिन्याभराने एका सकाळी दुकानाचं शटर वर करताना ते जे रडायला लागले ते थांबेचनात. शटर अर्धं वर, आणि हा माणूस खाली बसून हंबरतोय. पानवाल्याने मला फोन केला. मी रिक्षा करून गेले. छाती धरून म्हणत होते, आग पडलीय, आग. आम्हाला वाटलं हार्ट. दवाखान्यात नेलं, कार्डिओग्राम काढला. हार्ट चांगलं ठणठणीत निघालं.

मग सुरू झाली सल्ल्यांची जत्रा. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, पण ज्याचं जळत नाही त्यालाच जास्त कळतं असा माझा अनुभव आहे. कोणी सांगितलं मीठ-मोहऱ्या उतरवा. कोणी सांगितलं घराचं दार दक्षिणेला आहे. एक जण केरळ सहलीची जाहिरात घेऊन आला. हर्षद रोज सकाळी मोबाइलवर उगवत्या सूर्याचं चित्र पाठवायचा, पॉझिटिव्ह राहा. वैनीच्या भावाने तर कमाल केली, त्यांना मुलुंडला बागेत हास्यक्लबात नेलं. तिथे म्हणे वर्तुळात उभं राहून हात वर करून हसायचं. भावजी शहाण्या मुलासारखे हसून आले, आणि आमच्या लिफ्टमध्ये भिंतीला कपाळ टेकून रडले. लिफ्ट वर जाऊन खाली आली, पुन्हा वर गेली, तरी ते आतच. शेवटी मी बाहेर काढलं. त्या मेव्हण्याला मी जे सुनावलं ते इथे सांगत नाही.

सगळ्यांचं म्हणणं एकच. हे काढा. हे विसरा. हे बाहेर टाका. पुरुष माणूस रडतो काय? आता बस झालं. आणि भावजींना स्वतःलाही तेच वाटायचं, ही त्यातली वाईट गोष्ट. ते रोज तिन्हीसांजेला खाली जाऊन राखणदारासमोर उभे राहायचे, हात जोडून पुटपुटायचे, "काढ म्हाराजा, ही माझ्यातसून काढ." लोकांसाठी मागताना गरजणारा माणूस, आणि हे एवढंसं कुजबुजणं. पंपाची घरघर चालू असली की तेही ऐकू यायचं नाही. मग वर येऊन आणखी रडायचे, आणि रडतो म्हणून स्वतःवर चिडायचे. एकदा चिडून भिंतीवर डोकं आपटलं. वैनी मध्ये हात घालून उभी राहिली. तिच्या हाताला सूज.

वैनीला मी म्हटलं, "वैनी, तू कधी रडतेस गं?"

म्हणाली, "ते रडतात ना. घरात एकाने तरी भात लावायला हवा."

डॉक्टरही झाला. महापालिकेच्या हॉस्पिटलात मनाच्या आजाराचा विभाग आहे, तिथे वैनी त्यांना घेऊन जायची. डॉक्टरीण भली होती बिचारी. गोळ्या दिल्या, झोप लागायला लागली, डोकं आपटणं थांबलं. एवढं खरं ते खरं. पण एक दिवस ती त्यांना म्हणाली, मनात काय आहे ते कोणाजवळ तरी बोला. भावजींनी मान हलवली आणि परत आले. बोलणार कोणाजवळ? जन्मभर सगळ्यांचं ते बोलत आलेले.

बोलले ते माझ्याजवळ, तेही माझ्या मिक्सरमुळे. मी घरी मालवणी मसाला कुटून विकते. ऐन सीझनमध्ये माझा मिक्सर जळला. दुसरीकडे टाकता आला असता, पण म्हटलं ह्यांच्या हाताला काम मिळू दे. दुपारी दुकानात गेले. त्यांनी मिक्सर उघडला, जळकी तार सोलायला घेतली, आणि हात तिथेच राहिला. मग गावच्या भाषेत बोलायला लागले. मन मोकळं करायचं तर आम्हाला मालवणीच लागते, मराठी म्हणजे पाहुण्यांसमोर घालायचे कपडे.

"खंडूमामा नव्हतो," ते म्हणाले. "मी थांबलंय. माका वाटला, कोण तरी म्हणात. कोणच म्हणूक नाय. मगे वाटला, आपणच म्हणूया. ओठावर इलेला, शकु. माझ्या झीलाक सांभाळ म्हाराजा. एवढाच. पण माका लाज वाटली. लोक म्हणतले, घाडी स्वतासाठी मागता. म्हणान मी गप रवलंय आणि नारळ फोडलंय."

झील म्हणजे मुलगा. मला आधी कळेचना ते काय बोलतायत. कळलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "भावजी, वेडे झालात काय? जाळी गंजलेली. पट्टा नाही. त्यात तुमच्या गाऱ्हाण्याचा काय संबंध? देव काय नाव घेतलं नाही म्हणून पोरं खाली टाकतो?" बरंच बोलले मी. सगळं बरोबर बोलले. शाळेतल्या बाईसारखं समजावून सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "निहाराचा नाव घेतलेलंय. निहार आसा."

आसा, म्हणजे आहे. त्यात राग नव्हता. माझ्या पोराने जगू नये असं त्यांच्या मनात कधी येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. त्यांनी फक्त हिशेब सांगितला. मी मिक्सर तसाच सोडून घरी आले. निहार जेवत होता. त्याला म्हटलं, "सावकाश जेव," आणि आत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. आजपर्यंत माझा लेक माझ्या ओरडण्यामुळे सुखरूप होता असं मीही कुठेतरी धरून चालले होतेच की.

आमच्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर चंपा साळवे आहे. मूळची साताऱ्याकडची, बौद्ध, एका हॉस्पिटलात आया आहे. आमच्या दगडाला ती हात जोडत नाही, तसं तोंडावर सांगते आणि राखणीचे वडे मात्र दोन जास्त मागून घेते. माझं तिच्याशी चांगलं जमतं, कारण दोघींच्या तोंडाला कुलूप नाही. सुयोग गेल्यापासून ती ड्यूटीवरून आली की वैनीकडे जाऊन बसायची. बोलायची नाही. भावजी रडायला लागले तरी उठायची नाही, पाणी द्यायची नाही, की 'असं करू नका' म्हणायची नाही. मला ते खटकायचं. एकदा जिन्यात तिला धरलं. म्हटलं, "चंपे, माणूस रडतोय आणि तू नुसती बघत बसतेस?"

ती म्हणाली, "मग काय करू? माझा नवरा गेला तेव्हा मला जो तो गप्प करायला धावायचा. मला वाटायचं, माझ्याकडे राहिलंय काय, एवढं रडणंच ना, ते पण काढून घ्यायला आलेत मेले. तुम्ही सगळे त्याच्या दुःखाला असं हाकलताय शकु, जसं काय ते चोर आहे. ते चोर नाही. ते त्याच्या घरचं आहे."

त्या दिवसापासून मी भावजींना 'रडू नका' म्हणणं सोडलं.

तर अशी यंदाची राखण आली. कमिटीची मीटिंग गच्चीत. प्रश्न एकच, गाऱ्हाणं कोण घालणार? घाडीकाकांची तब्येत ही अशी. हर्षद म्हणाला, "मोबाइलवर रेडिमेड गाऱ्हाणं मिळतं ना, एकदम झकास आवाज आहे. माझा ब्लूटूथ स्पीकर लावू. आपण मागून व्हय म्हाराजा म्हणायचं." दोन-चार माना हलल्या पण. मी म्हटलं, "हर्षद, तुझ्या लग्नाचं गाऱ्हाणं कोणी घातलं होतं रे, स्पीकरने? मुली बघून बघून चप्पल झिजली होती तुझी." त्याने मोबाइल खिशात घातला. पण मग करायचं काय? ज्याच्या तोंडून मागून मागून आमची घरं उभी राहिली त्याच्यावर पुन्हा मागायची वेळ आणायची, की त्याच्या डोळ्यांसमोर त्याच्या जागी डबडं वाजवायचं? दोन्हीकडून त्याचंच मरण. मला सरळ दिसत होतं, यंदा तो मान गेला की हा माणूस पुन्हा कधी तोंड उघडणार नाही. दुकान बंद झालेलंच होतं. राहिला होता एवढा आवाज.

शेवटी वैनीच म्हणाली, ती कधी मीटिंगला येत नाही, पण आली होती, "त्यांना विचारा तरी."

विचारलं. भावजी म्हणाले, घालतो.

रविवारी सगळे खाली जमले. राखणदाराला झेंडूचा हार, समोर नारळ, अगरबत्ती. भावजी धुतलेला सदरा घालून आले. इतके वाळले होते की कॉलरमध्ये मान हलायची. वैनी मागे खांबाला टेकून उभी. चंपा तिच्या बाजूला, वड्यांसाठी आलेय म्हणाली, पण हात वैनीच्या पाठीवर.

भावजींनी हात जोडले. "बा म्हाराजा, ह्या जाग्याच्या राखणदारा, आज तुझी लेकरा तुका नारळ देतत, तो मानून घे."

आवाज निघाला. पूर्वीचा नाही, पण निघाला. सगळ्यांच्या जिवात जीव आला. "व्हय म्हाराजा."

एकेक घर घेत गेले. पहिल्या मजल्यावरच्या शीतलला दिवस गेलेत, ते त्यांच्या लक्षात होतं. कोणाची नोकरी, कोणाचं ऑपरेशन. निहारचं नाव आलं. "तावड्यांचो निहार गाडयेवर असता, तेका सांभाळ म्हाराजा." माझ्या तोंडून व्हय म्हाराजा निघेना. सगळ्यांनी साथ दिली, मी नाही.

मग ते नेहमीच्या शेवटावर आले. "आणि म्हाराजा, ह्या जाग्यात जी काय इडापिडा असात, ती ह्या जाग्याच्या भायर..."

तिथे अडकले. भायर काढून टाक, एवढंच म्हणायचं होतं. ओठ हलत होते, आवाज नाही. खांदे उडायला लागले. मागून कोणीतरी कुजबुजलं, "पाणी द्या, पाणी." हर्षदचा हात खिशातल्या मोबाइलकडे गेला. आणि कोणी एक जण म्हणालाच, "काका, रडू नका, आवरा स्वतःला, शुभ काम आहे."

माझ्या मस्तकात गेलं. बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. आमच्या गावी तर देवासमोर पुढे उभ्याही राहत नाहीत. मी भावजींच्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि हात जोडले. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं, तोंड उघडलं आणि आलं ते बोलले.

"बा म्हाराजा, मी बायलमाणूस. माझ्या तोंडाक हेची सवय नाय. चुकला तर पदरात घे."

एक-दोन आवाज आले, चाचरत. "व्हय म्हाराजा."

"ह्यो घाडी. हेणा जन्मभर आमच्यासाठी मागल्यान. हेच्यासाठी खंडूमामा मागी. मामा गेलो, आणि मागल्या वर्साक हेच्या घरासाठी कोणीच तोंड उघडूक नाय. हेणा लाजान मागूक नाय. आमी वडे गार होतत म्हणान मागूक नाय. ता आमचा चुकला म्हाराजा, सगळ्यांचा. ता सगळ्यांच्या पदरात घाल. हेच्या एकट्याच्या नको."

मग हर्षदचा आवाज आला, सगळ्यांच्या आधी. "व्हय म्हाराजा." आणि मग बाकीचे.

"हेचो झील गेलो. हेच्या छातीत आग आसा. इतके म्हयने तो तुका सांगता, ती काढ. आमी पण सांगतो, काढ. म्हाराजा, ती जाणा नाय. तर मी आज दुसरा मागतंय. ती काढू नको. ती सुयोगाची आसा. ती काढलस तर हेच्याकडे काय रवतला? जसो तू हय जागा घेऊन बसलस, तशी तिका हेच्या घरात बसांदे. आमी तिका पान वाढू. हेका रडाचा असात तेवा रडांदे. हेका कोणी गप रव म्हणाचा नाय."

"व्हय म्हाराजा."

"घाड्याच्या घराकडे बघ म्हाराजा. तो स्वतासाठी मागणा नाय."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. आणि सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, उशिरा, माझ्या बाजूने घोगरा आवाज आला, "व्हय म्हाराजा." इतक्या वर्षांत त्या माणसाने हे शब्द कधी उच्चारले नव्हते. तो नेहमी पुढे उभा असायचा, साथ आम्ही द्यायचो.

बरं वाटलं त्यांना असं मी म्हणणार नाही. कोणाला बरं वाटलेलं नाही. त्या दिवसानंतरही ते रडतात, आणि सुयोग काही परत आला नाही, ठेकेदार मोकळा फिरतोय, आणि माझा मिक्सर अजून त्यांच्या दुकानात उघडा पडलाय. फरक एवढाच की तिन्हीसांजेला खाली जातात तेव्हा हात जोडून उभे राहत नाहीत, चौथऱ्याच्या कडेला बसतात. कोणी बाजूला जाऊन बसलं तर सरकून जागा देतात. छाती धरून म्हणतात, इली आज, म्हणजे आली, ती आग. आपण म्हणायचं, बसू दे.

पण मला सांगायचं होतं ते त्या रविवारचंच. माझं गाऱ्हाणं संपलं, आता नारळ फोडायचा. मी नारळ त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, उचलला, आणि फोडला नाही. मागल्या वर्षी थांबले होते तसेच थांबले. ह्या वेळी वड्यांचं नाव कोणी काढलं नाही.

"म्हाराजा," ते म्हणाले. "माझो सुयोग..."

आणि पुढे काही नाही. काय मागणार? सांभाळ म्हणायची वेळ निघून गेली होती. नोकरी नाही, लग्न नाही. मागण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं. नुसतं नाव हातात धरून तो माणूस तसाच उभा राहिला, तोंडावरून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही हात मोकळा नव्हता. आम्हीही उभे. मागणं पुरं झाल्याशिवाय साथ द्यायची रीत नाही.

मग खांबाजवळून आवाज आला. वर्षभरात तिचा एवढा मोठा आवाज कोणी ऐकला नव्हता. वनमालावैनी रडत रडत ओरडली, "व्हय म्हाराजा."